आक्काची चाल

मालनआक्का परसदारानं आली आणि उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. रंजना पाट्यावर चटणी वाटत होती. तिनं मान वर केली नाही, कारण पावलं ऐकूनच तिला कळलं होतं की आक्का आली आणि तिचं काहीतरी बिनसलंय. भिंतीला भिंत लावून जन्म काढल्यावर जावेची पावलं ओळखायला डोळे लागत नाहीत. आक्काचं डावं पाऊल टेकताना जरा घासायचं आणि उजवं ठाम पडायचं. आज दोन्ही घासत होती.

"आत ये की," रंजना म्हणाली.

आक्का आत आली नाही. चौकटीला हात धरून म्हणाली, "रंजने, तुला अजून येतंय का गं माझं सोंग?"

वरवंटा थांबला. या दोन घरांत तो विषय कुणी काढत नसे.

घोटमाळच्या वरच्या आळीत गौरीच्या जागराला रंजना सोंगं करायची. तोंडातून शब्द काढायची नाही, नुसती चालून दाखवायची. तलाठी, सरपंचबाई, डेअरीवर दूध मोजणारा आप्पा, बायका पहिल्या चार पावलांत ओळखायच्या आणि हसून लोळायच्या. एका वर्षी तिनं थोरल्या जावेचं सोंग केलं. मालनआक्काचा डावा पाय लहानपणी खुब्यात मोडला होता आणि हाडवैद्यानं बसवला तसा तो बसला. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि दर पावलाला बाहेर फेकला जाणारा तो पाय रंजनानं हुबेहूब उतरवला. नेमकी त्या दिवशी आक्काची आई लेकीकडं आली होती. सगळ्या हसल्या, म्हातारी हसली नाही. आक्का उठून गेली आणि पुन्हा कुठल्या जागराला आली नाही. दोघींचं भांडण काही झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. मीठ-मिरची, दवाखाना, सोयरसुतक एवढ्यापुरतं बोलणं उरलं. पुढं दोघींचे नवरे गेले, मुलं शहरात गेली, तरी बोलणं तेवढंच राहिलं.

"येतंय म्हंजी?" रंजना म्हणाली. "आता त्याचं काय?"

"मला पायजे हाय. पेटीपाशी."

पेटी म्हणजे तिठ्यावरची टपालपेटी. घरोघर टपाल वाटणं परवडत नाही असं वर कुणीतरी ठरवलं आणि डोंगरातल्या आळ्यांवस्त्यांवर आधी ड्रोन सोडले. पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्यानं ते जांभळीत नेऊन अडकवले, एक तर कुणाच्यातरी खुराड्यावर पडला आणि कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं. मग पेट्या आल्या. त्याआधी दिनकर पोस्टमन चढ चढून यायचा, ओट्यावर टेकायचा, गुळाच्या खड्यावर पाणी प्यायचा आणि कुठल्या घरात कोण खोकतंय ते सांगून जायचा. टपालाबरोबर तो आणखी काय काय आणत होता, हे त्याची बदली झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं.

पेटीत प्रत्येकाचा एक खण असे. तो कुणासाठी कसा उघडायचा, यावर वरच्या लोकांनी बराच खल केला असावा. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे शेणात, राखेत, भांड्यांत झिजून गेलेले. डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाईलवर आलेला आकडा चष्मा शोधून वाचेपर्यंत त्याची मुदत संपायची. शेवटी गाडी चालीवर आली. माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते. मांडीचं हाड किती लांब, गुडघा किती वाकतो, टाच आधी टेकते की चवडा, हात किती झुलतो, या सगळ्याचा मिळून एक ताल होतो आणि तो सहसा दोन माणसांचा सारखा नसतो. पेटीपुढं काळ्या रबराचा लांब पट्टा अंथरलेला असे, त्याच्या पोटात पावलांचा दाब मोजणारी यंत्रणा. वरच्या छपरातून रेडिओलहरी खाली यायच्या, कापडातून आरपार जाऊन अंगावर आपटून परत फिरायच्या आणि परतताना त्यांच्यात पडलेल्या फरकावरून यंत्राला खुबा, गुडघा, खांदा हलताना कळायचे. तोंड बघायची गरजच नव्हती. पट्ट्यावरून चालत गेलं की पेटी "नमस्कार" म्हणून नाव घ्यायची आणि खण उघडायचा.

म्हाताऱ्यांची चाल बारा महिने एक नसते. थंडीत सांधे धरतात, काटा रुततो, चप्पल बदलते. म्हणून यंत्राला थोडी ढील दिलेली होती. थोडा फरक ते चालवून घ्यायचं आणि आजची चाल जुन्या नोंदीत जराशी मिसळून टाकायचं, विरजण लावावं तशी, रोज थोडी.

मग आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की चालीवरून दुखणंही कळतं. पाऊल आखूड होणं, एका बाजूचा हात झुलेनासा होणं, वळताना गिरकी घेण्याऐवजी चार-पाच बारीक पावलं टाकणं, ही कंपवाताची लक्षणं हात थरथरायच्या पुष्कळ आधी दिसू लागतात. तेव्हापासून दर महिन्याला चालपत्र निघायला लागलं. ते म्हाताऱ्यांना मिळत नसे, त्यांच्या मुलांच्या मोबाईलवर जाई. हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे या माणसानं पेटीपर्यंत चालणं धोक्याचं. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण ज्याला पेटीपर्यंत चालवत नाही त्याचं टपाल घरी पोचवावं, हे काही कुणाला सुचलं नाही. लाल झालेल्या माणसाचं टपाल जवळच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर वळवलं जाई. आणि टपालात हल्ली मुख्य असायच्या त्या गोळ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या, महिन्याच्या महिन्याला तालुक्याहून टपालानंच यायच्या. गोळ्या पुण्याला गेल्या की मागोमाग माणूस पुण्याला. वरच्या आळीतली निम्मी दारं अशीच बंद झाली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, त्यातली गत.

"माझं पिवळं आलंय," आक्का म्हणाली. "डाक्टर म्हणला कंपवाताची सुरवात हाय. धनराज म्हणतोय, आई, लाल आलं की गाडी घिऊन येतो. पुण्यात आठव्या मजल्यावर खोली काढून ठेवलीय म्हणं."

"मग जा की. सून काय वाईट न्हाय तुझी."

"सून चांगली हाय. पर घर तिचं हाय." आक्कानं परसाकडं पाहिलं. "तिथं दार उघडून मी कुटं जाऊ? हितं निदान परसात तरी जाती."

रंजनानं वरवंटा बाजूला ठेवला.

"माझी चाल आता मलाच येत न्हाय," आक्का म्हणाली. "तुला येती. बायांना दाखवलीस, आता पेटीला दाखीव."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त दमलेली होती. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रंजनाला वाटलं. ती हात धुऊन उठली.

अंगणात तालीम झाली. आक्का ओट्यावर बसली, रंजनानं पदर खोचला आणि डावा पाय बाहेर फेकत चिंचेपर्यंत चालून आली.

"एवढी वाकडी न्हवते मी."

"व्हतीस."

"न्हवते. आन् टाच आदी टेकव. टाचेचं तुला तवाबी जमलं न्हवतं."

रंजना जागेवर थांबली. म्हणजे त्या रात्री उठून जाण्याआधी आक्कानं सगळं नीट बघितलं होतं, टाचेसकट. रंजनानं टाच आधी टेकवून पुन्हा फेरी मारली. आक्का बघत राहिली आणि फेरी संपल्यावर म्हणाली, "हां. ही मी."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर रंजना तिठ्यावर गेली. पट्ट्यावर पाय ठेवण्याआधी तिनं आजूबाजूला पाहिलं. बघायला होतं कोण? ती आक्का होऊन चालत गेली. पेटी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "नमस्कार, मालन सपकाळ." खण उघडला आणि आत गोळ्यांचं पाकीट होतं. जागरात टाळ्या पडल्यावर वाटायचं तसं रंजनाला वाटलं आणि पाठोपाठ त्याची लाजही वाटली.

मग तोच रतीब लागला. सकाळी रंजना आपल्या पायांनी जायची आणि संध्याकाळी आक्काच्या. टपाल रोज कुठलं यायला, पण रोज पट्ट्यावरून गेलं नाही तर चालपत्रात 'हालचाल कमी' असा शेरा पडायचा, म्हणून जायलाच लागायचं. उतार उतरायचा, चढ चढायचा, तोही दोनदा. सत्तरीच्या बाईला एकदाचा चढसुद्धा खूप झाला. वर आली की आक्का चहा ठेवून बसलेली असायची. कपबशी तिच्या हातात वाजायची म्हणून चहा पितळी पेल्यात. बोलणं वाढत गेलं. कोण कुठल्या शहरात आहे, कुणाच्या परसातली शेवग्याची झाडं आता माकडंच खातात, असलंच सगळं. जागराचा विषय मात्र दोघींनी काढला नाही.

आक्काचं चालपत्र हिरवं झालं. धनराजचा फोन आला, "आई, गोळ्या लागू पडल्या बघ." आक्का बरं म्हणाली. खरं तर ती आता परसापर्यंतही भिंत धरूनच जात होती.

हिवाळा सरता सरता रंजनाचा डावा खुबा दुखायला लागला. आधी चढावर, मग बसल्या जागी. रोज तासभर पाय वाकडा टाकायचा म्हणजे हाडांनी किती सोसावं? तिनं तेल चोळलं, शेक घेतला. एके सकाळी ती नेहमीसारखी, स्वतःचीच म्हणून, पट्ट्यावरून गेली आणि पेटी म्हणाली, "नमस्कार, मालन सपकाळ."

रंजना मागं फिरली. पट्ट्याच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा चालली, जरा झपाझप. पेटीनं बराच वेळ घेतला. मग एकदाची ती "नमस्कार, रंजना सपकाळ" म्हणाली आणि खण उघडला. आत काही नव्हतं.

तिथंच तिनं थांबायला हवं होतं आणि ते तिला कळतही होतं. वर जाऊन आक्काला सांगितलं असतं की आता माझ्यानं होत नाही, तर आक्कानं एका शब्दानं अडवलं नसतं. पण रंजनाला ते सांगवेना. आक्काच्या आईचं न हसलेलं तोंड तिला अजून आठवायचं आणि वाटायचं, आता जरा फिटतंय तर फिटू दे. ती संध्याकाळी पुन्हा खाली गेली.

पुढच्या महिन्यात तिचं पिवळं आलं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात लाल. तिला ते लेकीच्या फोनवरून कळलं. ऋतुजा नाशिकला असते.

"आई, तू पडलीस का कुठं? खरं सांग. डावी बाजू पूर्ण बिघडलीये असं लिहिलंय."

"कुटं पडली? बरी हाय मी."

"तू नेहमी बरीच असतेस. तुझं टपाल आता इकडं वळवलंय त्यांनी. पुन्हा चालून दाखवायच्या फेरचाचणीला महिना आहे, पण मला नाही वाटत काही उपयोग होईल. मी रविवारी येते. कपडे भरून ठेव."

"माझं कपडे कशाला?"

"आई."

रंजनानं आक्काला काही सांगितलं नाही. संध्याकाळी चहा पिताना ती एवढंच म्हणाली, की रविवारी ऋतुजा येतेय, सहज. आक्कानं पेला खाली ठेवला आणि तिच्या पायांकडं पाहिलं.

ऋतुजा आली ती सरळ अंगणात उभी राहिली. चपलाही काढल्या नाहीत. "आई, मला चालून दाखव. चिंचेपर्यंत जा आणि ये."

"आल्या आल्या काय लावलंस?"

"दाखव ना."

पलीकडच्या ओट्यावर आक्का बसली होती. रंजनानं पदर सारखा केला आणि निघाली. चार पावलं टाकली आणि तिला डावी टाच टेकलेली जाणवली. आक्काची टाच. तिनं पाय सरळ धरला तर गुडघा अवघडला. सावकाश चालून पाहिलं, मग भरभर चालून पाहिलं. भरभर चालताना डेअरीवाला आप्पा आला, सावकाश चालताना सरपंचबाई आली. साऱ्या आळीची चाल तिच्या अंगात होती, पण स्वतःची कशी होती ते काही केल्या आठवेना. आपल्या चालीकडं तिनं कधी बघितलंच नव्हतं. ती चिंचेशी थांबली आणि खोडाला टेकली. एवढी भीती तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती.

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस? आणि म्हणे बरी हाय."

"तिला काय झालेलं न्हाय," आक्का पलीकडून म्हणाली. "दुखणं माझं हाय, ऋतू. ती माझी चाल चालतीय."

"आक्का, तू गप बस," रंजना चिंचेपासून म्हणाली.

"गप बसून काय मिळालं दोघींना? हितं ये, पोरी."

आणि तिनं सगळं सांगितलं. सोंगापासून टाचेपर्यंत, काही गाळलं नाही. आक्काच्या आईचं नाव निघालं तेव्हा रंजनानं चिंचेच्या सालीत नखं रुतवली. ऋतुजा आधी चिडली. दोन म्हाताऱ्या सरकारी यंत्राशी असला खेळ करतात म्हणजे काय, असं म्हणाली. मग ती ओट्याच्या पायरीवर बसली.

"मग आता ती फेरचाचणीत कशी पास होणार? तिला स्वतःसारखं चालताच येत नाहीये."

"येतंय. जित्याची खोड हाय ती, जाती कुटं." आक्कानं चिंचेकडं तोंड केलं. "रंजने, तू चालत न्हवतीस कधी, धावायचीस. म्होरचा पाय टेकायच्या आत मागचा उचलायचीस. पदर डाव्या हातात, उजवा हात मोकळा, झिम्म्याला निघाल्यागत. घरात आलीस तवापास्नं भिंतीपल्याड तेच ऐकतीय मी. सासूबाई म्हणायच्या, ही पोरगी एक दिवस तोंडावर आपटंल."

"तू ऐकत व्हतीस?"

"दुसरं काय ऐकणार? बोलत कुटं व्हतीस तू."

रंजनानं डाव्या हातात पदर धरला. आक्का मांडीवर थाप मारून ताल द्यायला लागली. दहा-बारा थापांत तिचा हात अडखळला, ताल तुटला. ऋतुजानं तो उचलला आणि टाळी वाजवत राहिली. आक्का नुसती तोंडानं सांगत होती, "हात सोड. खाली बघू नगंस. आता वळ, गिरकी घे, तू गिरकी घ्यायचीस." तिसऱ्या फेरीला रंजनाचं पाऊल जरासं सुटलं. ती रडत होती, पण थांबली नाही.

फेरचाचणीत पिवळं आलं. दिवाळीपर्यंत बघू, असं ऋतुजा म्हणाली. पण एका अंगात आता दोन चाली मावणार नव्हत्या, हे दोघींनाही कळलं होतं. संध्याकाळचा रतीब थांबला. आक्कानं आपणहून धनराजला फोन करून सगळं सांगितलं, टपाल आपणच पुण्याला वळवून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात गाडी आली.

गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती. तिथवर आक्का रंजनाच्या खांद्यावर हात ठेवून गेली, बारीक बारीक पावलं टाकत. रंजनाला जीभ उचलायला तेवढंच अंतर मिळालं. "आक्का, त्या जागराचं..."

"ऱ्हाऊ दे गं. हुबेहूब केलं व्हतंस." आक्का दारात बसली आणि पाय एकेक करून हातानं आत घेतले. "आईनं घरी जाताना मला काय इचारलं ठावं हाय? एवढं बारकाईनं तुझ्याकडं कोण बघतं गं, म्हणली. तवा राग आला व्हता."

गाडी गेली. रंजनानं आक्काच्या दाराला कडी घातली आणि तिच्या परसातल्या अळूला पाणी घातलं.

त्यानंतर रंजना सकाळी खाली जायची, वर यायची आणि ओट्यावर बसून राहायची. चहा एकटीला करावासा वाटत नसे. गौरी आल्या. आळीत उरलेल्या चार बायका तिच्या घरी जमल्या, एक फुगडी झाली, तीही अर्धी. सोंग कर, असं कुणी म्हणालं नाही आणि तिनंही केलं नाही.

गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, ती तिठ्यावर गेली. का गेली ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पट्ट्याच्या सुरुवातीला ती जरा उभी राहिली. मग टाच आधी टेकवून, डावा पाय बाहेर फेकत, आक्का होऊन पेटीपर्यंत चालत गेली. खुबा ठणकला.

"नमस्कार, मालन सपकाळ," पेटी म्हणाली. "आपलं टपाल पुण्याच्या पत्त्यावर पाठवलं आहे."

महिनाअखेर आक्काचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, शब्द एकमेकांत अडकत होते.

"रंजने, माझं चालपत्र आलं. हिरवं. धनराज म्हणला, आई, तू घोटमाळच्या पेटीवर गेली व्हतीस, हालचाल कमी पर चाल उत्तम, असं लिवलंय. यंत्र बिघडलंय, म्हणला."

"तू काय म्हणलीस?"

"व्हय म्हणलं. बिघडलं आसंल." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "खरंच गेले व्हते का गं मी?"

"गेली व्हतीस."

"कशी चालत व्हते?"

"टाच आदी टेकवून," रंजना म्हणाली. "चांगली चालत व्हतीस, आक्का."

"उद्याबी जाऊ का?"

रंजनानं खुब्यावरून हात फिरवला. बाहेर उतार उन्हात पडला होता.

"उद्या मला माझ्या पायांनी जायचंय," ती म्हणाली. "तू परवा जा."